फर्मवेअर घेऊन डेबियन बाटलं का?

दुधनाकाठ | सेलू, जि. परभणी | रविवार, रात्री १०.२०

मंडळी, डेबियन ही लिनक्सवरची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. तिने झाकलेलं फर्मवेअर, म्हणजे वायफायसारख्या चिपांच्या आत चालणारा प्रोग्राम, सोबत द्यावं का, हे भांडण जुनं आहे, माहीत आहे. पण एका पोराने मला चारचौघांत निरुत्तर केलं, म्हणून धागा काढतोय.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, असल्या परीक्षांची पोरं-पोरी रात्री दहा-अकरापर्यंत बसतात. २०२२ च्या दिवाळीत पुण्याच्या एका कंपनीने वापरून झालेले सहा लॅपटॉप दिले. डिस्क पुसलेल्या. म्हणलं डेबियन टाकू, म्हाताऱ्या मशिनींना झेपेल. तेव्हा आवृत्ती ११ चालू होती. पेन ड्राइव्ह लावला, भाषा मराठी निवडली आणि चार-दोन पडदे पुढे गेल्यावर गाडी अडली. या यंत्राला मुक्त नसलेलं फर्मवेअर लागतं, अमुक नावाची फाइल द्या, पेन ड्राइव्हमधून किंवा फ्लॉपीतून. फ्लॉपी! शेजारी उभी असलेली पोरगी विचारते, "सर, फ्लॉपी म्हणजे काय?"

फाइल आणायची तर इंटरनेट पाहिजे. इंटरनेटला वायफाय पाहिजे. वायफायला ती फाइल पाहिजे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही अन् लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. शेवटी गाडी काढून सेलूला गेलो, ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडून फाइल उतरवून घेतली, चौदा किलोमीटर परत आलो, तर भलत्याच आवृत्तीची निघाली. तोवर लाइटही गेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वारी.

परवा त्याच कंपनीकडून आणखी चार आले. या खेपेला १२ चा पेन ड्राइव्ह. तीन लॅपटॉपांवर वायफायची यादी पडद्यावर आली तेव्हा माझा चहासुद्धा निवला नव्हता. (चौथ्याचं रडगाणं वेगळं, ते नंतर.)

मग एका पोराने एपीटी अपडेट (सॉफ्टवेअरची यादी ताजी करायची आज्ञा) मारलं. ओळी सरकल्या. 'मेन' या मुख्य विभागाच्या शेजारी लिहिलेलं, नॉन-फ्री-फर्मवेअर. "सर, नॉन-फ्री म्हणजे ह्याचे पैसे लागतेत का?" म्हणलं, नाही रे, इथं फ्री म्हणजे फुकट नाही, मुक्त. ह्या तुकड्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, कुणाला बघता येत नाही, बदलता येत नाही. तर म्हणतो कसा, "पण तुम्ही तर म्हणले होते ह्याच्यात सगळं उघडं असतंय. मग हे कामून झाकलं?"

मला उत्तर सुचलं नाही. माझं मत विचाराल तर फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये पाहिजेच, मी दोनदा सेलू केलंय. पण पोराचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

रॅमबाण | लातूर | रविवार, रात्री १०.४१

सर, पोराला सांगा, झाकलेलं घेतलं म्हणून तू आज उघडं बघायलास.

गंजगोलाईच्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जुने लॅपटॉप घेतो, झाडूनपुसून विकतो. डेबियन ११ पर्यंत मी गिऱ्हाइकाला लिनक्स टाकून द्यायचं म्हणलं की आधी मशिनीत वायफाय कार्ड कुठलं ते उघडून बघायचो. कारण संध्याकाळी फोन ठरलेला: "नेट लागंना गेलंय." त्याला डेबियनचा सामाजिक करार, मुक्त राहायचं वचन, सांगत बसू का? तो पेन ड्राइव्ह परत आणून टाकतो आणि पन्नास रुपयात चोरीची विंडोज मारून घेतो. शुद्धतेच्या पायी माणूस उघड्याकडून झाकलेल्याकडे गेला, तेही चोरीच्या.

एएमडी ग्राफिक्सच्या मशिनीवर तर आणखी मजा. इन्स्टॉल सुखरूप पार पडायचं, कारण तेवढ्यापुरता साधा पडदा पुरतो. रीस्टार्ट केलं की खरा ड्रायव्हर जागा होणार, फर्मवेअर मागणार, ते नाही, की काळोख. गिऱ्हाईक म्हणणार, चालू मशीन दिली होती, तुम्ही मारून टाकली.

तर्कट | छत्रपती संभाजीनगर | रविवार, रात्री ११.१५

दोघांच्याही त्रासाबद्दल वाद नाही. पण त्रास कोणी दिला याबद्दल आहे.

चिप बनवणाऱ्याने कार्डावर फर्मवेअर साठवायची मेमरी ठेवली नाही, कारण चार पैसे वाचतात. प्रत्येक वेळी चालू होताना ते ऑपरेटिंग सिस्टिमने भरायचं. सोर्स द्यायचा नाही, कागदपत्रं द्यायची नाहीत. आणि तुमचा राग कोणावर? जो सांगतो की बाबा, ही फाइल माझी नाही, त्याच्यावर. तो अडणारा पडदा हीच एक जागा होती जिथे सामान्य माणसाला कळायचं की आपण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात एक खोली आहे आणि तिची किल्ली आपल्याकडे नाही. तुमच्या त्या पोरीला २०२२ मध्ये ते कळलं. आताच्या पोराला ते योगायोगाने कळलं, एपीटीच्या ओळी वाचायची सवय होती म्हणून.

दुसरं असं की डेबियनने नुसता इन्स्टॉलर बदललेला नाही, वचन बदललं. सामाजिक करार १९९७ चा. पहिलंच कलम म्हणतं, डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला मतदानाचा निकाल लागला. सहा पर्याय आणि सातवा 'यातलं काहीच नको'. त्यातला पाचवा जिंकला: कराराच्या पाचव्या कलमात वाक्य घाला आणि इन्स्टॉलर एकच ठेवा, फर्मवेअरसकट. म्हणजे ज्याला निव्वळ मुक्त इन्स्टॉलर हवा त्याच्यासाठी वेगळी प्रतही उरली नाही. सहावा पर्याय दोन्ही ठेवा म्हणत होता. तो का नको होता, हे मला आजही कळलेलं नाही.

रॅमबाण | रविवार, रात्री ११.२२

दोन ठेवले की गिऱ्हाईक नेमका चुकीचा उतरवतंय, म्हणून. बारा वर्षं बघितलंय.

सोयाबीन_भाव | औसा | सोमवार, सकाळी ६.५०

रातभर भांडूलालेत जणू. मला त्यातलं तांत्रिक कमी कळतंय, पोराच्या लॅपटॉपवर मिंट लिनक्स हाय तेवढंच. पण ह्यो बियाण्याचा वाद हाय, दुसरं काही न्हाई.

सोयाबीनचं बियाणं मी घरचं धरतो. मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. कुणाच्या बापाची परवानगी लागत न्हाई. कापसाचं तसं न्हाई. बीटीचं पाकीट दरसाल नवं. त्याच्यात काय घातलंय ते कंपनीला ठाऊक. म्हणून मी कापूस लावायचा सोडू का? घरच्या सरकीची वाट बघत रान पडीक ठेवू?

पण पाकिटावर लिहिलेलं असतंय की वाण कुठला, तपासणी कधीची. तुमच्या त्या पेन ड्राइव्हवाल्यानं तेवढं लिहावं. भांडण मिटलं.

तर्कट | सोमवार, सकाळी ९.०५

सोयाबीनराव, उपमा घेतो, पण ती पुरती बोलू द्या. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. त्यानंतर देशी कापूस तुमच्या शिवारात किती उरला? परभणीच्या कृषी विद्यापीठात महेबूब बागेत त्यावर अजून काम चालतं म्हणून वाण जिवंत आहेत. बांधावर नाहीत. पाकिटावर सगळं लिहिलेलं होतं की! लिहिलेलं असून काय झालं? सोय झाली की मागणी संपते, आणि मागणी संपली की पर्याय बनवणारा माणूस घरी जातो.

मुक्त फर्मवेअर अशक्य नाही, हे ध्यानात घ्या. अथेरॉस कंपनीच्या एका यूएसबी वायफाय चिपचं फर्मवेअर खुलं झालं, एआर९२७१. त्याचा सोर्स आज कोणीही उतरवून बांधू शकतो. ते आपोआप नाही झालं, कोणीतरी अडून बसलं, मागितलं, म्हणून झालं. आता अडणार कोण?

जुनाखोड | नांदेड | सोमवार, दुपारी १.३०

तर्कटसर, अडून बसलेल्यांत मीही होतो, त्यामुळे थोडं बोलतो. मी डेबियनवर वूडीपासून आहे, म्हणजे २००२. (वूडी, सार्ज, एच, लेनी, स्क्वीझ ही एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांची नावं.) तेव्हा सीडी पोस्टाने मागवायचो, नांदेडला यायला आठवडा लागायचा आणि सातपैकी एखादी वाचली जायची नाही.

"वचन मोडलं" म्हणताना जरा मागे जाऊन बघा. २००४ पर्यंत करारात 'सॉफ्टवेअर' हा शब्द होता आणि प्रत्येकजण त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावायचा. फर्मवेअर म्हणजे सॉफ्टवेअर का? मॅन्युअल म्हणजे सॉफ्टवेअर का? २००४ च्या एप्रिलमध्ये भाषादुरुस्ती म्हणून एक ठराव आला. नावाला भाषादुरुस्ती. मंजूर झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की याचा अर्थ लावला तर कर्नलमधले, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातले, सगळे झाकलेले तुकडे आजच्या आज काढावे लागतील. सार्ज तोंडावर आलं होतं. मग पुन्हा मतदान, सार्जपुरती सूट. सार्ज जून २००५ ला निघालं. एचच्या वेळी पुन्हा मतदान, पुन्हा सूट. लेनीच्या वेळी २००८ च्या डिसेंबरात तर इतकं कडाक्याचं भांडण झालं की प्रकल्पाचे सचिवच पद सोडून गेले. म्हणजे प्रत्येक आवृत्तीला आपण म्हणत होतो, एवढ्या खेपेला होऊ द्या, पुढच्या एकादशीपासून कडक पाळू.

कडक पाळलं २०११ मध्ये, स्क्वीझला. कर्नल धुऊन स्वच्छ केला, फर्मवेअर वेगळ्या पॅकेजांत, ती नॉन-फ्रीमध्ये. आणि त्याच घरात मागच्या अंगणात दुसरी चूल मांडली: 'अनधिकृत' इन्स्टॉलर, फर्मवेअरसकट, डेबियनच्याच सर्व्हरवर, डेबियनच्याच लोकांनी बनवलेला. फक्त तो मुख्य पानावरून सहज सापडू नये अशी व्यवस्था. माहितगार सगळे तोच वापरायचे. मी पण. अडायचा कोण? दुधनाकाठसरांसारखा पहिल्यांदा आलेला माणूस, जो भाबडेपणाने अधिकृत दरवाजाने आत आला. नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि ओळख असणाऱ्याला मागचं दार. असलं दार आपण तहसीलमध्ये बघतोच, ते इथेही कशाला?

२०२२ च्या एप्रिलात स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी हे सगळं जाहीर लिहिलं. वर्षानुवर्षं या सीडी-प्रतिमा बनवणाऱ्यांपैकी ते एक. ज्या प्रतीची शिफारस करायला मनाला पटत नाही ती आपण अधिकृत म्हणून पुढे करतो, अशी त्यांची एकंदर तक्रार होती. मतदान त्यातून उभं राहिलं. मी म्हणेन वचन २०११ पासून रोज थोडं थोडं मोडत होतंच, २०२२ ला ते कागदावर आलं.

आता सोवळ्याबद्दल. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन डेबियनला आपल्या पूर्ण मुक्त सिस्टिमांच्या यादीत घेत नाही, १२ च्या आधीही घेत नव्हतं. ट्रिस्क्वेल, पॅराबोला, गिक्स, हे चालतात. ठीक. पण त्यांचंच यंत्रांना शिक्का देण्याचं जे धोरण आहे, त्यात झाकलेलं फर्मवेअर चिपमध्ये आधीच भरून आलं असेल आणि ते बदलायची सोयच नसेल, तर चालतं. तेच फर्मवेअर डिस्कवर फाइल म्हणून ठेवून भरलं तर बाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! फाइल निदान दिसते, मोजता येते, जुनी-नवी कळते, नको तर पुसता येते. मला तर ती चिपमधल्यापेक्षा बरी वाटते.

तर्कट | सोमवार, दुपारी २.१०

काका, इतिहासाबद्दल हात जोडतो. चिपमधल्या सोवळ्यावर माझ्याकडेही चांगलं उत्तर नाही. फाउंडेशनवाले म्हणतात की जे कोणीच बदलू शकत नाही ते हार्डवेअरसारखंच. जे कंपनी बदलू शकते आणि तुम्ही नाही, तिथे सत्तेचा प्रश्न येतो. तर्क म्हणून पटतो. दुकानात उभं राहून पटत नाही.

अक्षरनाद | नांदेड | सोमवार, रात्री ८.४५

मी सहसा वाचतच असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मला दिसत नाही. बँकेत नोकरी, घरी डेबियन. डेबियनचा इन्स्टॉलर सुरू झाला की एक बीप वाजतो. त्यावर एस दाबून एंटर मारायचं, थोडं थांबायचं, मग ईस्पीक या वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा तो पत्र्यासारखा आवाज एकेक पर्याय वाचायला लागतो. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डोळस मित्राची वाट न बघता स्वतः सिस्टिम टाकली. माझ्यासाठी 'मुक्त' या शब्दाचा अर्थ त्या दिवशी तयार झाला.

पुढे नवा लॅपटॉप घेतला. बीप वाजला, एस, एंटर. शांतता. पुन्हा केलं, शांतता. वाटलं पेन ड्राइव्ह खराब. तीन पेन ड्राइव्ह झाले. शेवटी पुतण्याला बसवलं, तेव्हा कळलं की साउंडच्या चिपलाच फर्मवेअर लागतं आणि ते मिळालेलं नाही. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत आवाजासाठी वेगळा छोटा प्रोसेसर असतो, त्याला बाहेरून कोड भरावा लागतो.

तर्कटसर, तुम्ही वर म्हणालात की तो अडणारा पडदा माणसाला काहीतरी शिकवायचा. माझ्यासाठी पडदा नव्हताच. फर्मवेअर नाही हे मला सांगणारा आवाजच फर्मवेअरवर चालत होता.

गोदाकन्या | गंगाखेडची, मुक्काम पुणे | सोमवार, रात्री ९.३०

अक्षरनाद, हे लिहिल्याबद्दल आभार. मी सर्व्हर सांभाळायचं काम करते, म्हणून दोन गोष्टी तुमच्या त्या साउंड चिपवरूनच.

एक म्हणजे, गंमत बघा, इंटेलच्या त्या आवाजाच्या फर्मवेअरचा सोर्स खुला आहे. साउंड ओपन फर्मवेअर नावाचा प्रकल्प आहे. कोणीही वाचा, बदला, बांधा. पण बहुतेक लॅपटॉपांवर ती चिप डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर उचलते, आणि सहीची किल्ली कंपनीकडे. म्हणून डेबियन ते सही केलेलं पॅकेज मेनमध्ये न ठेवता नॉन-फ्री-फर्मवेअरमध्ये ठेवतं. दुधनाकाठ दादा, तुमच्या पोराने "कामून झाकलं" विचारलं ना, त्याला हेही सांगा: इथे झाकलेलं नाही, काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय.

दुसरी गोष्ट सुरक्षेची, आणि ही दोन्ही बाजूंना लागते. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर-मेल्टडाउन बाहेर आलं. प्रोसेसरचेच दोष. त्यातल्या काहींवर इलाज मायक्रोकोडमधून, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या फर्मवेअरमधून आला, जो झाकलेला असतो. तत्त्वासाठी मायक्रोकोड न भरणारा माणूस मुक्त होत नाही, त्याच्या प्रोसेसरमध्ये जुना झाकलेला मायक्रोकोड असतोच, फक्त भोकासकट. उलट बाजूने, २०१७ चं ब्रॉडपन आठवा. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपच्या फर्मवेअरमध्ये दोष, कोट्यवधी फोनांत ती चिप, आणि माणसाने काही दाबायचीही गरज नाही. दुरुस्ती फक्त कंपनीच करू शकत होती. सोर्स असता तर बाहेरच्यांनी आधी पाहिलं असतं कदाचित. लॅपटॉपातलं वायफाय कार्ड थेट मेमरीला हात घालू शकतं, आयओएमएमयू, म्हणजे मेमरीवरचा पहारेकरी, नीट लावलेलं नसेल तर त्याला अडवणारं कोणी नाही. तेव्हा "चिपमधलं काय ते, असू दे" म्हणून सोडण्यासारखं हे नाही.

माझं मत: भरा, पण सांगून भरा.

रॅमबाण | सोमवार, रात्री ९.५०

ताई, सांगूनच भरतंय की. इन्स्टॉल झाल्यावर लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फोल्डरात फर्मवेअर-समरी नावाची फाइल असते, काय काय भरलं ते लिहिलेलं. आणि सगळं नाही भरत, मशिनीत जे हार्डवेअर सापडलं त्याच्यापुरतंच.

तर्कट | सोमवार, रात्री १०.०५

सगळं उरकल्यावर लॉगमध्ये लिहिणं म्हणजे लग्न लावून झाल्यावर मुलीला पत्रिका दाखवणं.

अक्षरनाद, तुमचं वाचून कालपासूनचं माझं अर्धं बोलणं मागे घेतो. आवाजाचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये असलंच पाहिजे, विचारण्याआधी असलं पाहिजे, कारण विचारणार कशाने? हे मला सुचायला हवं होतं.

पण उरलेलं अर्धं ठेवतो. बूट करताना फर्मवेअर=नेव्हर असं लिहिलं की १२ चा इन्स्टॉलर काहीच भरत नाही, ही सोय आहे. मला माहीत आहे, गोदाकन्येला माहीत आहे. दुधनाकाठसरांच्या अभ्यासिकेत कोणाला माहीत आहे? काका, मघाशी तुम्ही मागच्या दाराबद्दल बोललात. आता मागचं दार माझ्यासाठी आहे. माझी मागणी एका पडद्याची आहे. "या यंत्राच्या वायफायला असं फर्मवेअर लागतं, त्याचा सोर्स उपलब्ध नाही, भरू का?" हो वर खूण आधीच केलेली असू द्या. एंटर मारून पुढे जाता येऊ द्या. पण वाक्य दिसू द्या, मराठीत.

जुनाखोड | सोमवार, रात्री १०.३०

हे मात्र मान्य. बाय द वे, ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची रीत बघा. ते फर्मवेअरचा सोर्स मागत बसत नाहीत, चिपवर चालणारा कोड म्हणजे हार्डवेअरचा भाग मानतात. पण दोन गोष्टींवर ठाम: फर्मवेअर मोकळेपणाने वाटायची परवानगी पाहिजे, आणि ड्रायव्हर लिहायला कागदपत्रं पाहिजेत, गुप्ततेच्या करारावर सही न करता. परवानगी मोकळी नसेल तर ते फर्मवेअर वेगळं, एफडब्ल्यू-अपडेट नावाच्या आज्ञेने नंतर नेटवरून उतरतं. भांडायचं कुठे हे त्यांनी ठरवून घेतलंय.

सोयाबीन_भाव | मंगळवार, सकाळी ७.०५

म्हंजे शेवटी पाकिटावर लिहा इथंच आलात. मी काल सकाळीच म्हणलो होतो. असो. पाऊस न्हाई इकडं.

दुधनाकाठ | मंगळवार, रात्री ९.१५

सगळं वाचलं. आता चौथ्या लॅपटॉपचं रडगाणं, कारण ते ह्या वादात मधोमध येऊन बसतंय.

त्याच पेन ड्राइव्हने १२ टाकलं आणि वायफाय नाही ते नाहीच. तीन वेळा केलं. मला वाटायलं होतं की आता सगळं फर्मवेअर आत असतंय.

गोदाकन्या | मंगळवार, रात्री ९.२८

दादा, सगळं नसतं. डेबियन तेवढंच वाटू शकतं जेवढं वाटायची परवानगी आहे. काही जुन्या चिपांच्या कंपन्यांनी फर्मवेअर बाहेरच्या कोणाला वाटायची मुभाच दिली नाही. तिथे डेबियन फक्त एक छोटं पॅकेज देतं, ते कंपनीचा जुना ड्रायव्हर नेटवरून उतरवतं आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतं. त्यामुळे तुमचं लग्न आणि वेड तिथे अजून तसंच आहे.

मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला ते साधं नेटवर्क कार्ड वाटतं, त्याला बाहेरून फर्मवेअर भरावं लागत नाही. मग ते पॅकेज टाका. सेलूला जाऊ नका!

रॅमबाण | मंगळवार, रात्री ९.३५

नाहीतर कार्डच बदला. अथेरॉसचं जुनं कार्ड माझ्याकडे पडलंय, अथ९के ड्रायव्हरवर चालतं, त्याला बाहेरून काही भरावंच लागत नाही. तर्कटसर खूश होतील. परभणीच्या गाडीत ड्रायव्हरकडे देतो, दोनशे रुपये.

एक बघा मात्र, काही लॅपटॉपांचा बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा आतला प्रोग्राम, फक्त ठरावीक कार्डंच घेतो. दुसरं लावलं की चालू होतानाच अडतो, कार्ड काढा म्हणतो. तो बायोसही झाकलेलाच.

तर्कट | मंगळवार, रात्री ९.४१

खूश होण्याआधीच शेवटचं वाक्य लिहिलंत.

दुधनाकाठ | शुक्रवार, रात्री १०.५०

टेदरिंगने काम झालं, गोदाकन्या ताई. माझ्याच मोबाइलचा त्या दिवसाचा डेटा संपला, पण चौदा किलोमीटर वाचले. रॅमबाण भाऊ, तरी कार्ड पाठवा, दुसऱ्या एका मशिनीत लावून बघतो, तिचं कार्ड मधेच तुटतंय. बायोस घेतो का नाही तेही कळेल.

त्या पोराला मी धागा वाचायला दिला. त्याने काय केलं तर चारी लॅपटॉपांवरची ती फर्मवेअर-समरी उघडली आणि वहीत तक्ता काढला. लॅपटॉप क्रमांक, चिप, फाइलचं नाव, सोर्स आहे का. एक नंबरच्या मशिनीपुढे वायफाय, ग्राफिक्स, मायक्रोकोड अशा तीन ओळी. तीन नंबरला वायफायच्या खान्यात आडवी रेघ, तिथे नशिबाने अथ९के निघालं. चार नंबरपुढे लिहिलंय: "कापून काढलं, सरांच्या मोबाइलवरून". तो कागद भिंतीवर चिकटवलाय, पोलीस भरतीच्या धावण्याच्या वेळापत्रकाशेजारी.

काल संध्याकाळी तीन नंबरच्या लॅपटॉपवरून दोघांची भांडणं लागली. मला वाटलं तक्ता वाचून लागली. जाऊन विचारलं तर म्हणे त्याचा स्पेसबार एकट्याचाच नीट दबतो.